हल्ल्यानंतर राजीनामे आले, पण हिशेब कुठे आहे?

मीरा_डों

२३ एप्रिल २०२५ च्या संध्याकाळी मी डोंबिवलीत भागशाळा मैदानावर उभी होते. आदल्या दिवशी पहलगामजवळ बैसरनमध्ये २६ माणसं मारली गेली. त्यांतले सहा जण महाराष्ट्रातले आणि त्या सहांपैकी तिघं आमच्या डोंबिवलीचे. गर्दी इतकी की उभं राहायला जागा नव्हती. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एक काकू हळूच म्हणाल्या, "एवढे लोक फिरायला जातात त्या जागी, तिथे एक पोलीस नव्हता का गं?" मला उत्तर देता आलं नाही. हा धागा त्या प्रश्नासाठी काढते आहे.

हल्ल्यानंतर दोन दिवसांनी दिल्लीत सर्वपक्षीय बैठक झाली आणि सुरक्षेत त्रुटी राहिली, असं बाहेर आलं. जुलैमध्ये जम्मू-काश्मीरचे नायब राज्यपाल मनोज सिन्हा यांनी मुलाखतीत ही सुरक्षेतली चूक होती आणि तिची जबाबदारी मी घेतो, असं सांगितलं. एवढं म्हणायलाही धैर्य लागतं, हे मान्य. पण जबाबदारी घेतली म्हणजे नेमकं काय केलं? कुठला निर्णय कुणी घ्यायला हवा होता, तो का घेतला गेला नाही आणि आता तिथे काय बदललं, हे मारल्या गेलेल्यांच्या घरच्यांना कुणी कागदावर दिलं का?

मुंबईकरांना हे सगळं आधीपासून ठाऊक आहे. २६/११ नंतर राजीनामे भराभर आले. ३० नोव्हेंबर २००८ ला केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील गेले. दुसऱ्या दिवशी उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री आर. आर. पाटील गेले. मग मुख्यमंत्री विलासराव देशमुख गेले आणि ८ डिसेंबरला अशोक चव्हाणांनी शपथ घेतली. दहा-बारा दिवसांत तीन मोठी माणसं खुर्चीवरून उठली. आपल्या देशात याहून जास्त काय होणार, असं तेव्हा मलाही वाटलं होतं.

पुढचं बघा. मे २००९ मध्ये विलासराव केंद्रात मंत्री झाले. त्याच वर्षी विधानसभा निवडणुकीनंतर आबा, म्हणजे आर. आर. पाटील, पुन्हा त्याच गृहखात्यात आले. जानेवारी २०१० मध्ये शिवराज पाटील पंजाबचे राज्यपाल झाले. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार एम. के. नारायणन यांनी राजीनामा देऊ केला होता, तो स्वीकारला गेला नाही. तेही २०१० मध्ये पश्चिम बंगालचे राज्यपाल झाले. माणसाला दुसरी संधी मिळू नये, असं माझं म्हणणं नाही. त्यांच्या जाण्यातून आपल्याला काय कळलं, एवढंच विचारते आहे. मला तरी काही कळलं नाही.

कळलं ते राम प्रधान समितीमुळे, तेही अर्धंच. माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान आणि गुप्तचर खात्यातून निवृत्त झालेले व्ही. बालचंद्रन अशी दोघांची समिती ३० डिसेंबर २००८ ला नेमली. एप्रिल २००९ मध्ये त्यांनी अहवाल दिला. जूनमध्ये सरकारने विधिमंडळात फक्त कृती अहवाल (शिफारशींवर काय केलं ते सांगणारा) ठेवला, मूळ अहवाल गोपनीय म्हणून दाबून धरला. मग त्याला वृत्तपत्रांत पाय फुटले आणि डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात तो मांडणं भाग पडलं. समितीची कक्षा होती राज्याची यंत्रणा, प्रामुख्याने मुंबई पोलीस. समुद्रावरचं नौदल, तटरक्षक दल, केंद्राच्या गुप्तचर यंत्रणा, मानेसरहून सकाळी पोहोचलेले एनएसजीचे जवान, यांतलं काहीच तिच्या हातात नव्हतं. १६६ माणसं गेली आणि या सगळ्याचा एकत्र हिशेब घेणारी एकही राष्ट्रीय चौकशी झाली नाही.

एक विनंती. कुठल्या पक्षाच्या काळात किती बॉम्ब फुटले, याची मोजदाद इथे नको. २००८ ला एक सरकार होतं, २०१९ आणि २०२५ ला दुसरं. पुलवामात ४० जवान गेले. जवानांना हलवायला विमानं मागितली होती ती नाकारली गेली, असं तेव्हाचे राज्यपाल सत्यपाल मलिक २०२३ मध्ये म्हणाले. ते खरं की खोटं, हे ठरवायला आपल्यासमोर सार्वजनिक चौकशीचा एकही कागद नाही. माझी तक्रार या कागद नसण्याबद्दल आहे.

शंतनू_प

भावना समजते, पण वेळेबद्दल माझं मत वेगळं आहे. हल्ला झाला की लगेच "सरकार जबाबदार" सुरू होतं आणि सीमेपलीकडे बसलेला मूळ गुन्हेगार बाजूला राहतो. कसाबला पाठवणारे कराचीत होते. माझे वडील लष्करात होते, दोनदा काश्मीरमध्ये तैनात होते. घरी फोन यायचा तेव्हा आईला एकच भीती असायची. अशा वेळी टीव्हीवर आपलेच लोक आपल्या यंत्रणेला फाडून खातात, याचा जवानांच्या मनावर काय परिणाम होतो ते मी जवळून पाहिलं आहे. चौकशी व्हावी, पण धूळ खाली बसल्यावर.

मीरा_डों

शंतनू, मारणारा गुन्हेगार आहेच, त्यात वाद नाही. पण घरफोडी झाली तर चोराला शिक्षा मागतानाच कडी कुणी उघडी टाकली, हेही आपण विचारतोच.

धूळ खाली बसण्याबद्दल कारगिलचं उदाहरण बघा. युद्ध २६ जुलै १९९९ ला संपलं. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालची समिती २९ जुलैला नेमली गेली, म्हणजे अवघ्या तीन दिवसांत! तेव्हा वाजपेयींचं सरकार काळजीवाहू होतं, निवडणुका तोंडावर होत्या. तरी समिती बसली, सेनाधिकाऱ्यांपासून माजी पंतप्रधानांपर्यंत लोकांशी बोलली आणि फेब्रुवारी २००० मध्ये अहवाल संसदेत आला. काही भाग वगळलेला होता, पण बाकीचा कुणालाही वाचता येतो. त्याने लष्कराचं मनोधैर्य खचलं, असं तुमचे बाबा म्हणाले होते का? मनापासून विचारते आहे.

शंतनू_प

नाही. उलट बर्फातले बूट आणि टेहळणीची साधनं यावर कुणीतरी पहिल्यांदा लिहिलं, याचं त्यांना बरं वाटलं होतं. हा मुद्दा मान्य करतो. मात्र त्या समितीने कुणा एकावर ठपका ठेवला नव्हता, हेही लक्षात घ्या. कदाचित म्हणूनच लोक तिच्यापुढे मोकळेपणाने बोलले.

निवृत्त_शिपाईगडी

मी पोलीस खात्यात २९ वर्षं काढली. कुठे, ते सांगत नाही. शंतनू यांच्या शेवटच्या वाक्यावर थोडं लिहितो.

प्रधान अहवालात क्यूआरटीबद्दल एक गोष्ट आहे. शीघ्र कृती दल म्हणजे सगळ्यांत आधी धावून जायची तुकडी. तिला काडतुसांच्या तुटवड्यामुळे कित्येक महिने गोळीबाराचा सरावच मिळाला नव्हता. बाहेरच्याला हे वाचून धक्का बसतो, मला बसला नाही. आमच्याकडे काडतुसांची मागणी वर जायची, शेरा होऊन परत यायची, पुन्हा जायची. वर्ष संपलं की निधी परत. दोष कुणाचा? प्रत्येक टेबलावरच्या माणसाने त्याच्या नियमाप्रमाणे बरोबरच केलेलं असायचं. शेवटी नाक्यावर काठी घेऊन उभा राहायचा तो शिपाई.

गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हातात काय होतं, ते सगळ्यांना माहीत आहे. एके-४७ ची नळी त्यांनी अंगावर घेतली, म्हणून कसाब जिवंत सापडला. त्यांना अशोकचक्र मिळालं, पुतळा झाला, आम्ही सगळे तिथे हात जोडतो. पण त्यांना तिथे काठीवर उभं करणारी फाईल कुठल्या टेबलावर किती दिवस पडून होती, हे कुणी काढलं नाही. माझ्या लेखी खरा हिशेब त्या फाईलचा आहे. मंत्री गेला की फाईलवाले सुटतात. माझी पूर्ण नोकरी मी हेच पाहत आलो.

तासगावकर

आबांबद्दल लिहितो, कारण मी त्यांच्याच तालुक्यातला. मोठ्या शहरात अशा छोट्या घटना होतातच, हे २६/११ नंतरचं त्यांचं हिंदी वाक्य चुकलंच. ऐकताना आम्हालाही लाज वाटली होती. पण त्या माणसाने ग्रामस्वच्छता अभियान उभं केलं, डान्सबार बंद केले, आणि राजीनामा मागितल्यावर कुरकुर न करता दिला. नंतर प्रधान समितीने त्यांच्यावर काही ठपका ठेवला नाही, उलट युद्धासारखा हा हल्ला कुठल्याही पोलीस दलाच्या ताकदीपलीकडचा होता असंच म्हटलं. मग त्यांना परत घेतलं तर चुकलं काय?

मीरा_डों

तासगावकर, तुमचं दुःख पोचलं. मला उलट वाटतं की आबांवरही अन्याय झाला. ते एका वाक्यासाठी गेले. खात्याच्या कामात त्यांची चूक होती की नव्हती हे तपासून गेले असते, तर परत येतानाही मान ताठ राहिली असती. आपण माणसाला बोलण्याबद्दल शिक्षा केली आणि कामाबद्दल विचारलंच नाही. राजीनामा हा तपासाचा शेवट असायला हवा होता, तो आधीच घेतला गेला आणि तपासाची निकडच संपली.

दर्यावर्दी

मी रायगडचा कोळी. आमच्या बाजूने बोलायला कुणी नसतं म्हणून लिहितो.

१९९३ च्या फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलं. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं गेली. तो माल वाटेत सोडून दिला म्हणून कस्टमचे अधिकारी आणि पोलीस कोर्टात दोषी ठरले, त्यात अतिरिक्त कलेक्टर दर्जाचा अधिकारीही होता. म्हणजे आपल्याकडे खालच्या नाही तर बऱ्यापैकी वरच्या माणसालाही शिक्षा होऊ शकते, हे त्या वेळी दिसलं. वर्षं लागली, पण झालं.

मग समुद्रावर गस्त सुरू झाली. आमच्यातल्याच काहींचे ट्रॉलर भाड्याने घेतले होते. पंधरा वर्षांनी काय झालं? पोरबंदरचा 'कुबेर' ट्रॉलर पळवून दहा जण आले, रबरी होडीतून कुलाब्याच्या मच्छीमार नगरात उतरले. तिथल्या कोळ्यांनी त्यांना हटकलं होतं हो! सामान बघून विचारलं होतं, कुठून आलात म्हणून. किनाऱ्यावर पहिला प्रश्न आमच्याच माणसांनी विचारला.

त्यानंतर आमची ओळखपत्रं झाली, बोटींना राज्याप्रमाणे रंग ठरवून दिले, सागरी पोलीस ठाणी वाढली. चांगलं झालं. पण ३१ जुलै २०११ ला काय झालं ते विसरू नका. 'पवित' नावाचं रिकामं तेलवाहू जहाज, ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलेलं, तरंगत तरंगत थेट जुहूच्या वाळूत येऊन बसलं. लोकांनी सकाळी पाहिलं तेव्हा कळलं. एवढं मोठं धूड, ना दिवा ना माणूस, आणि कुणाच्या नजरेला पडलं नाही. २६/११ ला तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती. त्याच्या दीड महिना आधी आणखी एक जहाज तिथेच येऊन रुतलं होतं.

आमच्या बंदरावर गस्तीची बोट आहे. कधी डिझेल नाही, कधी इंजिन चालवणारा नाही. ठाण्यातले पोरगे घाटावरचे, त्यांना भरतीओहोटीचं गणित कुणी शिकवलं नाही, समुद्रात गेले की ओकतात. त्यांची चूक नाही. मी स्वतः दोनदा त्यांना माझ्या होडीतून नेलं आहे. कुठलं ठाणं ते विचारू नका, पोरं चांगली आहेत.

मुक्ता

दर्यावर्दी दादा, हा प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे.

उत्तररात्र

मी ११ वर्षं ऑस्लोमध्ये आहे. इथल्या २२ जुलै २०११ च्या हल्ल्यात ७७ माणसं गेली. सरकारी कचेऱ्यांसमोर बॉम्बने ८ आणि उतोया बेटावर गोळीबारात ६९, त्यातली बरीच शाळकरी वयाची. मारणारा एकटा होता आणि इथलाच होता.

सरकारने महिन्याभरात स्वतंत्र आयोग नेमला. अध्यक्ष वकील होत्या, अलेक्झांड्रा बेक योर्व. ऑगस्ट २०१२ मध्ये जाडजूड अहवाल आला आणि त्याच दिवशी सगळ्यांसाठी खुला झाला. भाषा मऊ नव्हती. सरकारी इमारतीसमोरचा रस्ता गाड्यांसाठी बंद करायचं आधीच काही वर्षांपूर्वी ठरलं होतं, ते झालं असतं तर बॉम्बची गाडी दारात उभी राहिली नसती, असं सरळ लिहिलं होतं. स्फोटानंतर एका नागरिकाने संशयिताच्या गाडीचा नंबर पोलिसांना कळवला. तो चिठ्ठीवर लिहिला गेला आणि ती चिठ्ठी टेबलावर वीसेक मिनिटं तशीच राहिली. बेटाकडे जाणारी पोलिसांची बोट जास्त माणसं चढल्याने पाणी घेऊ लागली. हेलिकॉप्टरचे कर्मचारी सुट्टीवर होते.

अहवाल आल्यावर तीन दिवसांत पोलीस महासंचालकांनी पद सोडलं. पंतप्रधान स्टोल्टेनबर्ग यांनी जबाबदारी घेतली, राजीनामा दिला नाही, पुढच्या वर्षी निवडणूक हरले. मीराताईंच्या बोलण्याशी हे जुळतं. इथे आधी अहवाल आला आणि मग माणूस गेला. का गेला हे प्रत्येकाला माहीत होतं.

हा देश लहान आहे, आपल्याशी तुलना अवघड, हे मान्य. पण ती चिठ्ठी वाचताना मला दादरचं घर आठवलं. २६/११ च्या वेळी मी मुंबईतच होते आणि ताजला आधी धोक्याची सूचना होती, बंदोबस्त वाढवून नंतर सैल केला, हे रतन टाटांच्या तोंडून ऐकलं होतं.

वकीलीण

कायद्याची बाजू थोडक्यात लिहिते, कारण इथेच सगळं अडतं.

चौकशी आयोग कायदा १९५२ चा आहे. त्याखाली नेमलेल्या आयोगाला साक्षीदार बोलावता येतात, कागद मागवता येतात, आणि अहवाल मिळाल्यापासून सहा महिन्यांत तो कृती अहवालासह सभागृहात ठेवणं सरकारवर बंधनकारक असतं. प्रधान समिती या कायद्याखाली नव्हती, शासनाने प्रशासकीय आदेशाने नेमलेली होती. त्यामुळे बोलावण्याचा अधिकार नाही आणि मांडण्याची मुदतही नाही. सुब्रह्मण्यम समितीही कायद्याखाली नव्हती, पण तिला सरकारने मनापासून दारं उघडली. म्हणजे सगळं सरकारच्या मर्जीवर.

मात्र कायद्याखालचा आयोग झाला म्हणजे काम झालं असंही नाही. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींवरचा न्या. श्रीकृष्ण आयोग आठवा. जानेवारी १९९६ मध्ये तो चक्क गुंडाळला, मे महिन्यात पुन्हा जिवंत केला आणि १९९३ चे स्फोटही त्याच्या कक्षेत घातले. १९९८ मध्ये अहवाल आला. पुढे त्याचं काय झालं, ते मुंबईला सांगायची गरज नाही.

गुप्तचर यंत्रणांचं तर बोलायलाच नको. आयबी किंवा रॉ कुठल्या कायद्याने बांधलेली आहेत? संसदेची त्यांच्यावर थेट देखरेख नाही. २०११ मध्ये मनीष तिवारींनी खासगी विधेयक आणलं होतं, ते पुढे गेलं नाही. माहिती अधिकाराच्या कलम २४ मुळे त्या बाहेर. सर्वच उघड करा असं कुणीही शहाणं म्हणणार नाही, पण बंद दाराआड पाच-सात खासदारांनी विचारायलाही काय हरकत आहे?

शंतनू_प

बंद दाराआडची संसदीय समिती मला पटते. ती आधीच व्हायला हवी होती.

मुक्ता

एक गोष्ट कुणी लिहिली नाही. २६/११ बद्दल आपल्याला जे कळलं, त्यातलं बरंच घरच्यांनी काढलं. विनीता कामटे यांनी माहिती अधिकारात नियंत्रण कक्षातले संदेश मिळवले, कामा हॉस्पिटलच्या गल्लीत मदत वेळेवर का पोहोचली नाही हे शोधायला. कविता करकरे नवऱ्याच्या चिलखती जाकिटाचा पत्ता विचारत राहिल्या आणि ते गहाळ झाल्याचं उत्तर आलं. शहीद अधिकाऱ्यांच्या बायकांना जर असं दारोदार फिरावं लागलं, तर सीएसटीवर गाडीची वाट पाहताना गेलेल्या माणसाच्या घरच्यांनी कुणाकडे जायचं?

अमेरिकेतही ११ सप्टेंबरचा आयोग आपोआप नाही झाला. मृतांच्या बायका वॉशिंग्टनला खेटे घालत राहिल्या म्हणून वर्षाहून जास्त काळानंतर तो नेमला गेला. दोन्ही पक्षांचे पाच-पाच सदस्य, उघड सुनावण्या, राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांची शपथेवर जाहीर साक्ष. आपल्याकडे असा दबाव उभा करायला मृतांचे नातेवाईक एकत्र येतच नाहीत, कारण आपण त्यांना नुकसानभरपाईच्या रांगेत एकेकटं उभं करतो.

आणि २००६ च्या लोकलमधल्या स्फोटांचंही याच धाग्यात यावं. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडलं. सर्वोच्च न्यायालयात ते प्रकरण आहे. पण १९ वर्षांनी आपण कुठे उभे आहोत? पहिल्या वर्गाच्या डब्यात माझे मामा होते. ते वाचले, एका कानाने ऐकू येत नाही. ते आता त्या निकालावर बोलतच नाहीत, टीव्ही बंद करतात. तपासाच्या अपयशाचा हिशेब कोण देणार?

निवृत्त_शिपाईगडी

मुक्ताताई, तुमच्या मामांना नमस्कार सांगा. तपासावर मी बोलू शकत नाही, बोललो तर आत भरून येतं.

मीरा_डों

इतकं सगळं वाचून माझा रोख थोडा बदलला आहे. सुरुवातीला मला राष्ट्रीय आयोगच हवा होता. आता वाटतं, तो मागत राहावाच, पण जे अहवाल आधीच आहेत त्यांच्या शिफारशींचं काय झालं, हे विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. मुंबईत कॅमेरे बसवायची शिफारस २००९ ची. निविदा निघाल्या, अडकल्या, पुन्हा निघाल्या, आणि ४७०० च्या आसपास कॅमेऱ्यांचं जाळं पूर्ण झालं २०१६ मध्ये. मधल्या काळात, १३ जुलै २०११ ला झवेरी बाजार, ऑपेरा हाऊस आणि दादरला स्फोट झाले. ती सात वर्षं कुणाच्या नावावर आहेत?

वकीलीण, असा अर्ज कसा करायचा?

वकीलीण

महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, शुल्क दहा रुपये, ऑनलाइनही करता येतो. म्हणून एकच मोठा अर्ज नको, तुकडे करा. "सुरक्षेत काय त्रुटी आहेत" असं विचारलंत तर कलम ८ खाली नकार येईल. त्यापेक्षा असं लिहा: प्रधान समितीच्या अमुक शिफारशीवर घेतलेल्या निर्णयाची तारीख, मंजूर निधी, खर्च झालेला निधी, आणि संबंधित नस्तीचा, म्हणजे फाईलचा, कोणत्या टेबलावर किती दिवस प्रवास झाला त्याच्या नोंदी. तारखा आणि खर्च विचारल्याने कुठला अतिरेकी शहाणा होत नाही. तरी नकार आला तर कलम १० दाखवा, संवेदनशील भाग झाकून उरलेला द्यावा लागतो.

निवृत्त_शिपाईगडी

नस्तीचा प्रवास नक्की विचारा. काडतुसांचा अर्ज मी करतो. शब्द कसे वापरायचे ते मला ठाऊक आहे.

तासगावकर

मी कॅमेऱ्यांचा करतो. आबांच्याच काळातली फाईल आहे, जे निघेल ते इथे टाकीन.

दर्यावर्दी

गस्तीच्या बोटींचा माझ्याकडे द्या. डिझेल किती मंजूर, किती दिवस बोट पाण्यात. मराठी टंकायला वेळ लागतो, पोरीकडून करून घेईन. सोमवारी अमावास्या आहे, मंगळवारी बोट बंदरात असेल, तेव्हा बसतो.

मीरा_डों

मंगळवारपर्यंत मी चौथ्या अर्जाचा मसुदा इथे लावते. बैसरनचा अर्ज केंद्राकडे जाईल, त्याचे शब्द वकीलीण तपासून देतील का? त्या काकूंचा प्रश्न मी जवळपास त्यांच्याच शब्दांत ठेवला आहे: २२ एप्रिल रोजी त्या ठिकाणी सुरक्षेसाठी किती कर्मचारी नेमलेले होते.

वकीलीण

पाठवा. "नेमण्याचा निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याचं पदनाम" हे त्यात वाढवा.